टूलरूम

टूलरूम : कारखान्यातील घाऊक उत्पादनासाठी लागणाऱ्या डाय, साचे, जिग, फिक्श्चर, गेज व खास आकाराची कर्तन हत्यारे तयार करणारा, तसेच त्यांची तपासणी, दुरुस्ती व देखभाल करणारा विभाग. उत्पादन विभाग विक्रीची वस्तू तयार करतो, तर ती वस्तू ज्या साधनांमुळे एकसारखी निपजते ती साधने टूलरूम पुरविते. उत्पादन विभागात एकच वस्तू लाखो वेळा केली जाते. टूलरूममध्ये मात्र बहुधा प्रत्येक वस्तू एकदाच केली जाते. त्यामुळे तेथील काम संथ, खर्चिक व उच्च कौशल्याचे असते. कामगारांना हत्यारे देण्याघेण्याच्या कोठीलाही काही ठिकाणी टूलरूम म्हणतात. परंतु तो हत्यारांचा केवळ साठा असून प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार केलेला नाही.

या विभागाचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. डायने तयार होणारा प्रत्येक नग ही त्या डायची प्रतिकृती असते. डायच्या कडेवर पडलेली बारीकशी खोक तिच्यातून पडणाऱ्या प्रत्येक नगावर उमटते आणि ती लक्षात येईपर्यंत हजारो नग तयार झालेले असतात. म्हणून चांगली डाय तयार करणे आणि ती चांगली राखणे ही दोन्ही कामे सारख्याच महत्त्वाची मानावी लागतात.

इतिहास : डायचे एक जुने उदाहरण म्हणजे नाणी पाडण्याचा ठसा. भारतात इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांच्या सुमारास प्रचारात आलेल्या आहत नाण्यांवर चांदीच्या तुकड्यावर ठशांचे ठोके देऊन चिन्हे उमटविलेली आढळतात. मराठेशाहीतील तांब्याची शिवराईही टाकसाळीत ठशांच्या साहाय्याने हातानेच पाडली जाई. ठसा झिजला वा फुटला की कारागीर हाताने नवा कोरीत असल्यामुळे एकाच प्रकारच्या नाण्यांवरील अक्षरांच्या वळणात व मांडणीत फरक पडे. नाणी पाडण्याच्या कामात असा फरक चालून जाई. पण ज्या वस्तूंचे भाग एकमेकांत बसावे लागतात तेथे तो चालत नाही.

ही गरज प्रथम बंदुकांच्या निर्मितीत तीव्रतेने जाणवली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑनोरे ब्लां या फ्रेंच कारागिराने बंदुकीच्या चापाचे भाग परस्परांत बदलता येतील इतके सारखे करून दाखविले. त्यानंतर जॉन हॉल यांनी अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात १८२०–३० या दशकात जिग, फिक्श्चर व गेज यांच्या साहाय्याने अदलाबदल करता येण्याजोग्या भागांच्या बंदुका तयार केल्या. हाताच्या कौशल्यावर अवलंबून असलेली अचूकता अशा रीतीने हत्यारात साठविली गेली आणि ही हत्यारे तयार करणारा स्वतंत्र कारागीरवर्ग उदयास आला.

पुढील प्रगती मापन, पोलाद व कर्तनपद्धती या तीन दिशांनी झाली. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील बंदूक कारखान्यात काम करणारे कार्ल एड्व्हार्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास परस्परांना चिकटवून हवे ते माप मिळविता येणाऱ्या गेज ठोकळ्यांच्या संचाची कल्पना मांडली. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत विकसित केलेले शीघ्रगती पोलाद १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दाखविण्यात आले. सोव्हिएट रशियात बोरिस व नतालिया लाझारेंको या दांपत्याने १९४३ मध्ये विद्युत् ठिणग्यांनी धातू कोरण्याची पद्धत शोधून काढली. तिच्यामुळे कठीण केलेल्या पोलादालाही आकार देणे शक्य झाले. १९५२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अंकीय नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले.

साधनांचे प्रकार : टूलरूममध्ये तयार होणाऱ्या साधनांचे स्थूलमानाने पाच गट पडतात : (१) पत्रा कापणे, भोके पाडणे, वाकविणे व ओढून खोलगट आकार देणे यांसाठी प्रेसवर बसविण्याच्या डाय, (२) प्लॅस्टिक, रबर व वितळलेल्या धातूंसाठी साचे, (३) तापविलेल्या धातूला घणाच्या वा दाबाच्या साहाय्याने आकार देण्याच्या घडाईच्या डाय, (४) जिग व फिक्श्चर, (५) गेज. जिग कामाचा नग धरून ठेवतो, शिवाय ड्रिलसारख्या हत्याराला मार्गही दाखवितो. फिक्श्चर फक्त नग ठरावीक स्थितीत घट्ट धरतो. यांपैकी प्रेसवरील कापणीच्या डायमध्ये टूलरूमच्या कामाची जवळजवळ सर्व तत्त्वे दिसून येत असल्याने तिचे वर्णन पुढे अधिक विस्ताराने केले आहे.

कापणीच्या डायची रचना व गणित : कापणीच्या डायचे मुख्य भाग दोन : वरून खाली येणारा पंच आणि खालची छिद्र असलेली डायपट्टी. पंच ज्या पट्टीत बसवितात तिच्यामागे कठीण पोलादाची आधारपट्टी असते. पंचाला चिकटून वर येणारा पत्रा सोडविण्यासाठी स्ट्रिपर, पत्रा नेमका पुढे सरकावा म्हणून रोधक व पायलट आणि वरचा व खालचा भाग एका रेषेत राहावा म्हणून मार्गदर्शक खांब व बुश असतात. अनेक क्रिया एकाच ठोक्यात एकाच जागी करणाऱ्या डायला संयुक्त डाय म्हणतात. पत्र्याची पट्टी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून प्रत्येक टप्प्यावर वेगळी क्रिया करणारी ती क्रमगामी डाय होय.

पंच पत्र्यात शिरला की कडेजवळचा धातू आधी थोडा दबतो, मग काही खोलीपर्यंत कापला जातो आणि अखेरीस पंचाच्या व डायच्या अशा दोन्ही धारांपासून निघालेल्या भेगा एकमेकींना मिळून तुटतो. म्हणूनच कापलेल्या कडेवर एक चकचकीत व एक खरबरीत असे दोन पट्टे दिसतात. भेगा नीट जुळाव्यात यासाठी पंच व डाय यांत योग्य मोकळीक ठेवावी लागते. सौम्य पोलादासाठी ती दर बाजूस पत्र्याच्या जाडीच्या सु. ५ ते १०% असते. मोकळीक कमी पडल्यास भेगा जुळत नाहीत, जोर अधिक लागतो व धारा लवकर झिजतात. ती जास्त झाल्यास पत्रा आत ओढला जाऊन कडेवर बर, म्हणजे धारदार उंचवटा, उठतो.

उदा., २ मिमी. जाड सौम्य पोलादाच्या पत्र्यातून ४० मिमी. बाह्य व्यासाचा व २० मिमी. भोकाचा वॉशर पाडावयाचा आहे असे समजू. कापणीचा जोर हा कापावयाच्या कडेची लांबी, पत्र्याची जाडी व धातूचे कर्तनबल यांच्या गुणाकाराइतका असतो. कर्तनबल दर चौ. मिमी.ला ३५० न्यूटन धरल्यास बाहेरील कडेसाठी सु. ८८ हजार व भोकासाठी सु. ४४ हजार, म्हणजे एकूण सु. १ लाख ३२ हजार न्यूटन किंवा साडेतेरा टनांइतका जोर लागतो. पत्रा सोडविण्याचा जोर व काही राखीव क्षमता धरून येथे २० टनांचा प्रेस निवडणे योग्य ठरते. दर बाजूस ६% म्हणजे ०·१२ मिमी. मोकळीक धरल्यास बाहेरील कडेसाठी डायचे छिद्र ४०·०० मिमी. व पंच ३९·७६ मिमी. ठेवतात, भोकासाठी मात्र पंच २०·०० मिमी. व डायचे छिद्र २०·२४ मिमी. ठेवतात. खाली पडणाऱ्या तुकड्याचे माप डाय ठरविते, तर पत्र्यात राहणाऱ्या भोकाचे माप पंच ठरवितो, हे यामागील कारण होय. हा नियम उलटा लावला गेल्यास डाय उत्तम बनूनही सर्व नग चुकीच्या मापाचे निघतात.

पोलाद व उष्णता संस्करण : डायसाठी वापरलेले पोलाद कठीण, झीज सोसणारे, चिवट आणि कठीण करताना कमीत कमी वाकणारे असावे लागते. हे सर्व गुण एकाच पोलादात पूर्णपणे आढळत नाहीत. म्हणून कामानुसार निवड करावी लागते. थोड्या नगांसाठी तेलात कठीण होणारे व आकार कमी बदलणारे पोलाद वापरतात. कारखान्यांत ते ओएचएनएस या नावाने ओळखले जाते. मोठ्या संख्येच्या कामासाठी सु. दीड ते दोन टक्के कार्बन व सु. १२% क्रोमियम असलेले एचसीएचसीआर पोलाद वापरतात. धातूंच्या साच्यांसाठी व गरम घडाईसाठी सु. ५% क्रोमियम आणि त्याबरोबर मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असलेली पोलादे उपयोगी पडतात. फार दीर्घ आयुष्य हवे असल्यास टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवितात. ते अतिशय कठीण पण ठिसूळ असतात.

दीड टक्का कार्बनाचे एचसीएचसीआर पोलाद १,०००° से.हून किंचित अधिक तापमानापर्यंत सावकाश तापवून हवेत वा अन्य रीतीने थंड केले जाते. नंतर ते पुन्हा कमी तापमानाला तापवून, म्हणजेच टेंपरिंग करून, त्याचा ठिसूळपणा कमी करतात. अशा डायची कठिनता रॉकवेल सी मापक्रमावर सामान्यतः ५८ ते ६२ असते. टेंपरिंग लांबणीवर टाकल्यास आतील ताणांमुळे ठोकळ्याला आपोआप तडा जाऊ शकतो. आतील तीक्ष्ण कोपरे, कडेच्या फार जवळ घेतलेली भोके आणि जाडीतील एकदम होणारा बदल ही तडा जाण्याची नेहमीची कारणे आहेत. म्हणून उष्णता संस्करणाचे यश पुष्कळसे आराखड्यावरच अवलंबून असते. [⟶ उष्णता संस्करण].

निर्मिती : ठोकळा मिलिंग यंत्रावर वा लेथवर प्राथमिक आकाराचा करून, भोके पाडून व आटे घेऊन नंतर कठीण करतात. अंतिम माप ग्राइंडिंगने, ठिणगी कर्तनाने किंवा पितळेच्या बारीक तारेने कापणाऱ्या वायरकट यंत्राने साधले जाते. ठिणगी कर्तनाने पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ, ठिसूळ थर राहतो व त्यात सूक्ष्म भेगा असतात. हा थर घासून काढला नाही, तर धार त्याच भेगांपासून खपली धरून निघू लागते.

यानंतर जुळणी होते. वरचा व खालचा भाग कोठे टेकतो हे पाहण्यासाठी एका पृष्ठावर निळ्या रंगाचा पातळ लेप देऊन दोन्ही भाग मिटवितात. रंग जेथे उमटतो तेथील उंचवटा घासून काढतात. संगणकाच्या साहाय्याने आराखडे व यंत्रण होऊ लागल्यापासून हे हातकाम पुष्कळ कमी झाले. तथापि डाय प्रेसवर चढवून पहिले नग पाडणे व ते पाहून सुधारणा करणे हा टप्पा टळलेला नाही.

मापनासाठी २०° से. हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान आहे. पोलादाची एक मीटर लांबी दर अंश सेल्सिअसला सु. ११·५ मायक्रोमीटरने वाढते. उन्हाळ्यात ३५° से. तापमानाच्या कक्षात १०० मिमी. लांबीचा ठोकळा सु. १७ मायक्रोमीटरने मोठा असतो. काही मायक्रोमीटरच्या मर्यादेत काम करावयाचे असल्यास एवढा फरक दुर्लक्षिता येत नाही. म्हणून मापनकक्ष वातानुकूलित ठेवतात आणि नग व गेज काही तास एकत्र ठेवून सारख्या तापमानाला आल्यावरच माप घेतात.

देखभाल : डायची देखभाल ती तुटल्यानंतर सुरू होत नाही, ती पहिल्या ठोक्यापासून सुरू होते. सुव्यवस्थित टूलरूममध्ये प्रत्येक डायला क्रमांक व नोंदपत्रक असते. त्यावर डायने दिलेले ठोके, धार लावल्याच्या तारखा, प्रत्येक वेळी घासलेली जाडी, बदललेले भाग आणि आढळलेले दोष लिहितात. काम संपवून डाय उतरविताना शेवटी पडलेला नग व पट्टीचा शेवटचा तुकडा तिच्यासोबत बांधून पाठविणे ही उपयुक्त प्रथा आहे. कारण डायची प्रकृती त्यांवरून वाचता येते. तुकड्याच्या सर्व कडेवर बर असेल, तर पंचाची धार बोथट झालेली असते. पट्टीतील भोकाच्या कडेवर असेल, तर डायची. बर एकाच बाजूस असेल, तर धारेत दोष नसून पंच व डाय एका रेषेत नाहीत आणि मोकळीक एका बाजूस सरकली आहे, असे समजावे. अशा वेळी केवळ धार लावून उपयोग होत नाही. खांब, बुश व प्रेसचा सरकभाग यांची झीज तपासावी लागते.

धार वेळेवर लावण्याचा लाभ हिशोबाने स्पष्ट होतो. डायच्या छिद्राची वरची काही मिमी. उंची सरळ ठेवून त्याखाली ते किंचित रुंदावत नेतात, म्हणजे पडलेले तुकडे अडकत नाहीत. ही सरळ उंची हेच डायचे भांडवल होय. ती घासून संपली की छिद्राचे माप वाढू लागते. समजा, ती ४ मिमी. आहे आणि दर ४० हजार ठोक्यांनी ०·१५ मिमी. घासून धार पूर्ववत होते. अशा रीतीने २६ वेळा धार लावता येते आणि डाय १० लाखांहून अधिक नग देते. उलट, उत्पादनाच्या घाईत तीच डाय ६० हजार ठोक्यांपर्यंत चालविली व धारेच्या खपल्या उडाल्यामुळे दर वेळी १ मिमी. घासावे लागले, तर ४ वेळांतच ती संपते आणि एकूण नग ३ लाखच मिळतात. वाचविलेले काही तास येथे डायच्या सु. दोनतृतीयांशाहून अधिक आयुष्याच्या मोबदल्यात मिळालेले असतात.

धार लावण्याचे कामही जपून करावे लागते. ग्राइंडिंग करताना एका फेरीत शतांश-दोन शतांश मिमी.हून अधिक धातू काढल्यास किंवा शीतक कमी पडल्यास पृष्ठभाग जळतो, त्यावर निळे-तपकिरी डाग पडतात, कठिनता घटते व बारीक भेगा पडतात. चुंबकीय पकडीवर धरलेले भाग नंतर निश्चुंबकित केले नाहीत, तर लोखंडी कीस धारेला चिकटून राहतो. डाय घासली गेल्यामुळे कमी झालेली उंची तिच्याखाली पातळ पत्र्या घालून भरून काढतात. क्रमगामी डायमध्ये कापणीचे टप्पे जेवढे घासले तेवढेच वाकविण्याचे टप्पेही खाली घ्यावे लागतात. ते विसरल्यास नगाचा कोन बदलतो. स्ट्रिपरच्या स्प्रिंगा ताकद घटल्याबरोबर, तुटण्याची वाट न पाहता, पूर्ण संचानेच बदलतात.

प्लॅस्टिकच्या साच्यांत झीज कमी, पण मळ व गंज यांचा उपद्रव अधिक असतो. थंड पाण्याच्या वाहिन्यांत कठीण पाण्यामुळे क्षारांचा थर साचला की नग थंड होण्यास वेळ लागतो व दर तासाचे उत्पादन हळूहळू घटत जाते. हवा निघून जाण्याचे मार्ग बुजल्यास नगाच्या टोकाशी जळल्याचे डाग पडतात. साच्याचा चकचकीत पृष्ठभाग पोलादी अवजाराने कधीही खरवडत नाहीत; त्यासाठी पितळेची वा लाकडाची पट्टी वापरतात. वितळलेल्या ॲल्युमिनियमसाठी वापरलेल्या साच्यांत पुनःपुन्हा तापण्या-निवण्यामुळे जाळीसारख्या भेगा पडतात. काम सुरू करण्यापूर्वी साचा सावकाश तापवून घेतल्यास त्या उशिरा पडतात. सर्व डाय व साचे साफ करून, गंजरोधक तेल लावून, मिटवून व जमिनीपासून उंचावर ठेवावेत.

सुरक्षितता : प्रेसवरील अपघातांत कामगाराची बोटे जाण्याचा धोका मोठा असतो व त्याचा संबंध डायच्या आराखड्याशी थेट येतो. नग ठेवण्यासाठी वा काढण्यासाठी ज्या डायच्या तोंडात हात घालावा लागतो ती डाय, नग कितीही अचूक देत असली, तरी सदोष मानली पाहिजे. उतरत्या घसरगुंडीवरून नग आत सोडणे, हवेच्या झोताने तो बाहेर फेकणे, पंच व स्ट्रिपर यांभोवती बोट शिरणार नाही असे कुंपण घालणे आणि दोन्ही हातांनी दोन कळी दाबल्याखेरीज प्रेस चालू न होणे, असे उपाय योजतात. बोथट डाय येथेही घातक ठरते. कारण तिच्यात नग अडकतात आणि अडकलेला नग काढण्यासाठी कामगाराचा हात आत जातो. दुरुस्तीच्या वेळी प्रेसचा वीजपुरवठा तोडून सरकभागाखाली मजबूत ठोकळा लावावा लागतो. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ अन्वये यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक करण्यात आले.

प्रशिक्षण व भारतातील स्थिती : डाय बनविणाऱ्या कारागिराला आरेखन वाचणे, यंत्रे चालविणे, पोलादाचे गुण, मापन आणि हातकाम या सर्वांचे ज्ञान असावे लागते. पूर्वी हे ज्ञान मोठ्या कारखान्यांत अनुभवी कारागिराच्या हाताखाली मिळत असे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मुळे अशा उमेदवारीला कायद्याचे अधिष्ठान लाभले. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या साहाय्याने हैदराबाद येथे १९६८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था स्थापन झाली. बंगळूर येथे १९७२ मध्ये डेन्मार्कच्या सहकार्याने शासकीय टूलरूम व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील इंडो-जर्मन टूलरूम ही संस्था जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिली. या संस्था लघुउद्योगांना डाय व साचे तयार करून देतात आणि त्याच कामावर विद्यार्थ्यांना प्रशिक्षणही देतात. स्वतःची टूलरूम न परवडणाऱ्या लहान कारखान्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था मोलाची आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतूनही टूल अँड डाय मेकर हा व्यवसाय शिकविला जातो.

संगणकीय आराखडे, वायरकट यंत्रे व त्रिमितीय मापन यंत्रे यांमुळे निर्मितीतील अचूकता पुष्कळ वाढली आहे. प्रेसचा जोर व ठोके मोजून डाय बोथट होत असल्याची सूचना देणारी संवेदकेही वापरात आली आहेत. तथापि धार केव्हा लावावयाची, किती घासावयाचे आणि नगावरील दोषाचे मूळ कोठे आहे, हे ठरविण्यासाठी नोंदपत्रक नियमित लिहिणारा व नगाची कड वाचू शकणारा प्रशिक्षित कारागीर लागतोच. उत्पादनाच्या घाईतही डाय वेळेवर उतरवून घेण्याचा अधिकार त्याला ज्या कारखान्यात दिलेला असतो, तेथेच टूलरूमवर केलेल्या खर्चाचे पुरेपूर चीज होते.